पिंगीला वरून पाणी घालू नये

आमच्या अड्याळच्या घरात मांस-मच्छी शिजत नसे. बाबुजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं, गावाबाहेर थोडी धानाची शेती होती, पण दुकानापेक्षा आणि धानापेक्षा त्यांना त्या माळेचा अभिमान जास्त. गाव सगळं तळ्याबोड्यांच्या आसऱ्यानं राहणारं. बाजाराच्या दिवशी मासोळ्यांच्या आणि झिंग्यांच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या असत, संध्याकाळी शेजारच्या घरांतून तळणाचा वास भिंत ओलांडून यायचा, आणि मी नि माझा धाकटा भाऊ दिलीप तो वास तोंडी लावून लाखोळीच्या डाळीचे वडे खायचो. अशा घरात किडे खाऊन जगणारं एक झाड आलं, राहिलं, वाढलं, आणि त्याच्यापायी माझ्या मायनं भर पंगतीत एका महाराजांना खडसावलं. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. म्हणजे सगळं समजत होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं, असं ते वय.

झाड आणलं वसंतमामानं. हा मायचा धाकटा भाऊ. शेतकी खात्यात होता आणि मक्याचं काहीतरी शिकायला सरकारनं त्याला मेक्सिकोला पाठवलं होतं. मेक्सिको कुठे आहे हे आमच्याकडे कुणालाच धड माहीत नव्हतं. बाबुजी दुकानात गिऱ्हाइकांना सांगत, "अमेरिकेच्या खाली, उजव्या हाताले," जणू पवनीला जाताना वाटेत लागतं. मामा परत येणार असं कळल्यापासून घरात ज्याची त्याची मागणी मनातल्या मनात ठरून गेली होती. दिलीपला कॅमेरा हवा होता, बाबुजींना मनगटी घड्याळ. मायनं तोंडानं काही सांगितलं नाही, पण फॉरेनच्या साड्यांना इस्त्री लागत नाही हे ती शेजारणींना पुन्हापुन्हा सांगत होती.

तो आला आखाडात. बाबुजी स्वतः वरठीला स्टेशनावर त्याला घ्यायला गेले, दोघं एस्टीनं भिजत घरी आले. मायनं पातोड्या केल्या होत्या, वडे केले होते, भाताचं भगोणं चुलीवरून उतरवून निखाऱ्यावर ठेवलं होतं. मामा जेवला, परत जेवला, तिकडच्या मक्याच्या पोळ्यांची नक्कल करून दाखवली, आणि शेवटी एकदाची बॅग उघडली. मायच्या हातात त्यानं एक साबणाची डबी ठेवली. मायचा चेहरा उजळला. डबीत मावेल अशी वस्तू म्हणजे सोन्याचीच असणार, साडी गेली तर गेली, असं तिच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता आलं. तिनं डबी उघडली. आत ओला कापूस होता, आणि कापसावर काही फिक्कट हिरवी, जाडसर, जिभेसारखी पानं.

"हे काय हाय रे?"

"पानं."

"ते दिसून राहिलं मले. कायची?"

"बाई, हे एक नवलाचं झाड हाय. एक पान वाळूवर ठेवून दे, त्याच्यातून अख्खं झाड निघते. आमच्या खानावळवाल्या बाईनं खिडकीत लावलं होतं."

मायनं डबी मिटली. "एवढ्या दूर गेला, एवढे दिवस राहिला, अन् बहिणीसाठी पानं घेऊन आला. पानं तर आमच्या इथं पळसाले बी येतात."

मामा हसला. त्यानं एक पान उचलून तिच्या बोटावर ठेवलं. "हात लावून पाह्य. लोणी लावल्यासारखं लागते का नाही? इंग्रजीत याले लोण्याचंच नाव हाय. शास्त्रात पिंग्विक्युला म्हणतात. अन् हे सयपाकघरातली चिलटं धरते."

बाबुजी बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला. "धरते म्हणजे? धरून काय करते?"

"खाते, भाऊजी."

"झाड खाते?"

"पानाले चिकट रस राहते. चिलट बसलं का चिकटून जाते. मंग ते हळूहळू विरघळते अन् झाडाच्या पोटात जाते."

बाबुजींनी अडकित्ता खाली ठेवला. "वसंता, घड्याळ नाही आणलं, चालते. साडी नाही आणली, चालते. पण तू माह्या घरात खाटिक आणून ठेवला!"

इथे मायचा राग जागच्या जागी फिरला. इतका वेळ ती पानांवर रुसली होती. आता नवऱ्यानं नावं ठेवल्याबरोबर ती पानं तिच्या माहेरची झाली. "माह्या भावानं आणलं हाय, ते राहीन," ती म्हणाली. "अन् ते कोठं शिकारीले जाते काय? चिलट सोताहून येऊन बसते. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येते तसं."

बाबुजींनी अडकित्ता उचलून पुन्हा सुपारी कातरायला घेतली. थोड्या वेळानं त्यांनी एवढंच ठरवून टाकलं की झाड देवघराच्या आणि चुलीच्या आसपास दिसता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मामानं पायरीवर बसून मायला सगळं समजावून दिलं. मी जवळच होते, म्हणून मला ते अजून पाठ आहे. या झाडाला खत नाही, शेण नाही, काळी माती नाही. जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे, आणि जुन्या भिंतीचा चुना थोडासा. विहिरीचं पाणी नाही, पावसाचंच. आणि ते वरून घालायचं नाही. कुंडी ताटलीत ठेवायची, पाणी ताटलीत घालायचं, कुंडी खालून पिऊन घेते. ताटली कोरडी पडली की मगच पुन्हा. ऊन कोवळं, सकाळचं. आणि दिवाळीनंतर थंडी पडली की पाणी जवळजवळ बंद. "तेव्हा ते झोपते, बाई. बारीक होते, पानं आवळून घेते. तुले वाटन का मरून राहिलं. पण पाणी देशीन तर तेव्हाच मरन." एवढं सांगून तो नोकरीच्या गावी निघून गेला. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं मला कबूल केलं की खानावळवाल्या बाईनं हे सगळं तिच्या भाषेत सांगितलं होतं, त्याला त्यातलं अर्धं समजलं होतं, आणि उरलेलं अर्धं त्यानं विमानात बसून अंदाजानं भरलं होतं. अंदाज बरोबर निघाला हे आमचं नशीब. मक्याच्या बाबतीत त्याचे अंदाज एवढे बरोबर निघत नसत.

मायचा अर्थातच या सूचनांवर विश्वास बसला नव्हता. लेकराला उपाशी ठेवून ते वाढेल कसं? तिनं अर्धी पानं मामाच्या सांगण्याप्रमाणे वाळूवर ठेवली आणि अर्धी चांगल्या कुजलेल्या शेणखतात. शेणखतातली पानं काळी पडून विरघळली. वाळूवरच्या पानांच्या बुडाशी मोहरीएवढे हिरवे ठिपके आले, ठिपक्यांची फुलं व्हावीत तशी चक्रं झाली, आणि भादव्यापर्यंत त्या कुंडीत बोटभर रुंदीची, जमिनीला चिकटून बसलेली गोजिरवाणी झाडं दिसू लागली. पानांवर दव पडल्यासारखी चमक, आणि त्या चमकेत काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे चिलटं. त्या दिवसापासून माय मामाच्या शब्दाबाहेर गेली नाही. पिंग्विक्युला हे नाव तिच्या जिभेला झेपेना, म्हणून तिनं ते पिंगी करून टाकलं.

पिंगीची जागा ठरली पाण्याच्या घडवंचीजवळ. आमच्या घराची उत्तरेकडची पडवी नेहमी गार असे. तिथे लाकडी घडवंचीवर माठ असत, खाली वाळू ओली असे, आणि तो ओला गारवा पिंगीला मानवला. विहिरीचं पाणी आमच्याकडे खारं. भांड्यांच्या बुडाशी पांढरा थर धरायचा. म्हणून माय पावसाळ्यात छपराच्या कवेलूंवरून पडणारं पाणी एका रांजणात धरून ठेवी, वर फडकं बांधी, आणि त्या रांजणाला घरातल्या कुणी हात लावायचा नाही असा कायदा होता. उन्हाळ्यात आम्ही खारं पाणी प्यायचो आणि पिंगी गोडं प्यायची. भर वैशाखात माय कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळायची, दुपारी ते पुन्हा भिजवायची. बाबुजी घाम पुसत दुकानातून यायचे, त्या पोत्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "मले एखादं पोतं मिळन काय?"

त्यांचं आणि पिंगीचं नातं मोठं अवघड होतं. हाकलताही येत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पाणी प्यायच्या निमित्तानं ते घडवंचीशी जायचे, आणि गडवा तोंडाला लावून तिरक्या डोळ्यांनी आज कोण चिकटलंय ते पाहून घ्यायचे. चिलट अजून हातपाय हलवत असलं की "राम राम" म्हणून मागे फिरायचे. शेवटी त्यांनी आपल्या मनाचं समाधान करणारा एक उपाय शोधला. एकादशीच्या दिवशी सकाळी आंघोळ झाली की ते मच्छरदाणीचा एक तुकडा आणून पिंगीवर घालत आणि चारी बाजूंनी खडे ठेवत. त्या दिवशी पिंगीला कडक उपवास. दुसऱ्या दिवशी पारणं फेडायच्या आधी तुकडा काढत. मायनं याला कधी हरकत घेतली नाही. "एक दिवस पोटाले आराम मिळते," ती म्हणायची, आणि हसू दिसू नये म्हणून तोंड फिरवायची.

गावात बातमी पसरली ती मात्र वेगळीच. अड्याळात मांस खाणारं झाड आलं म्हटल्यावर लोकांनी आपापल्या कल्पनेनं त्याला वाढवून ठेवलं होतं. बघायला येणारी माणसं आधी छपराकडे बघत, मग परसात बघत, आणि माय खाली बोट दाखवी तेव्हा त्यांचा चेहरा पडे. एक म्हातारा कोंबडीचं पिल्लू काखेत घेऊन आला होता. पिंगीकडे बघून तो म्हणाला, "हे? हे तर माह्या पिल्लानंच खाऊन टाकलं असतं," आणि पिल्लू तसंच घेऊन रागारागानं गेला. शेजारची सखूबाई मात्र कडेवरच्या नातवाला घेऊन हातभर लांब उभी राही. "आज चिलटं खाते," ती म्हणे, "उद्या मोठं झालं म्हणजे?" धान लोंबीत येऊन तुडतुडे दिव्यावर झेपावू लागले की संध्याकाळी दिवा लावणं मुश्कील व्हायचं, ताटात, केसांत, डोळ्यांत तुडतुडे. त्या दिवसांत पिंगीची पानं तुडतुड्यांनी हिरवी-करडी होऊन जायची आणि पडवीतल्या दिव्याखाली बायकांची ही गर्दी. दिलीपनं एकदा शाळेतल्या मित्रांसमोर तिला मटणाचा तुकडा खाऊ घातला. तो तुकडा घरात कुठून आला याची चौकशी पिंगीचं पान कुजल्यानंतर झाली, आणि ती दिलीपला बरीच महागात पडली.

हल्ली मी नागपुरात लेकाकडे चौथ्या मजल्यावर राहते. खिडकीत माझ्याही पिंग्या आहेत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मी बाटलीत धरते आणि ताटलीत घालते. नात म्हणते, आजी, हे सगळं मोबाईलवर लिहिलेलं आहे, तू कशाला लक्षात ठेवतेस? मी तिला म्हटलं, जे लिहून ठेवलंय ते सगळं खरं असेल, पण त्यात महाराज नाहीत.

हे महाराज एकोडीचे. दरवर्षी पुसाच्या थंडीत आमच्या गावी नामसप्ताह होई. महाराज कीर्तनाला येत आणि मुक्काम आमच्या घरी करत. उंच, वाळकेसे, आवाज थोडा बसलेला. अत्यंत मऊ माणूस. कुणाला तहानलेलं पाहणं त्यांना सोसत नसे; कीर्तन रंगात आलं असताना मागच्या रांगेतलं मूल पाण्यासाठी रडलं तर ते टाळ थांबवून आधी पाणी द्यायला लावत. त्यांच्या मुक्कामाचा मान आपल्या घराला आहे ही बाबुजींच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी कमाई होती, आणि भातगिरणीवाले शेठ तो मान आपल्याकडे ओढायला टपलेले होते. त्यांनी महाराजांसाठी म्हणून फरशीची नवी न्हाणी बांधून घेतल्याचं गावभर झालं होतं. त्यामुळे पिंगी घरात आल्यानंतरच्या पहिल्या सप्ताहात बाबुजींनी तिला परसातल्या कोठीमागे दडवून ठेवायला लावलं. दुसऱ्या वर्षी माय म्हणाली, "आता नाही हलवणार. थंडीत ती झोपून राहिली, तिची जागा बदलवू नोका." बाबुजींनीही मग विचार केला की थंडीत ती काही धरत नाही, चिकटसुद्धा नसते, कोबीच्या गड्ड्याचं पिल्लू असावं तशी दिसते, महाराजांना काय कळणार?

महाराजांना कळलं ते एवढंच की एका कोपऱ्यात काही लहान लहान झाडं कोरड्याठाक वाळूत, पानं आवळून, मुकाट बसली आहेत.

सप्ताहात माय घरात नसल्यातच जमा. मागच्या अंगणात मोठ्या चुली खणलेल्या, गावच्या बायका भाज्या चिरायला बसलेल्या, आणि माय या सगळ्यांवर सरदार. पहाटे उठायची ती थेट चुलीवर. इकडे महाराज रोज सकाळी आंघोळ करून, तांब्याचा लोटा भरून तुळशीला पाणी घालत, आणि उरलेला लोटा प्रेमानं पिंगीवर रिकामा करत. विहिरीचं खारं पाणी, भर थंडीत, आणि थेट वरून. मी त्यांना पाहिलं असतं तर सांगितलं असतं, पण मी भांड्यांच्या ढिगाऱ्यात होते. बाबुजींनी पाहिलं होतं. महाराजांनी आपल्या हातानं त्या खाटकाला तीर्थ पाजलं म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. पिंगीचा उद्धार झाला असं त्यांना वाटलं. मायला सांगायला ते विसरले.

काल्याच्या दिवशी पंगत बसली. पडवीपासून रस्त्यापर्यंत माणसं. पत्रावळींवर भात वाढून झाला होता, बाबुजी स्वतः वरणाची बादली घेऊन फिरत होते. महाराज आंघोळीहून आले, तुळशीला पाणी घातलं, आणि पंगतीच्या डोक्याशी बसायला निघताना सवयीनं घडवंचीकडे वळले. त्याच वेळी माय माठातलं पाणी घ्यायला आली. तिची नजर कुंडीवर गेली. घट्ट गड्डे ढिले पडले होते, मधली पानं तपकिरी होऊन बसली होती, वाळूतून आंबूस वास येत होता. आणि वर महाराजांचा लोटा तिरपा होऊन राहिला होता.

"थांबा!"

मायचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"याच्यावर पाणी कोण टाकून राहिलं?"

"मीच, बाई," महाराज म्हणाले. "रोज टाकतो. बिचारं तहानेलं होतं."

"तहानेलं नोयतं ते! झोपलं होतं! झोपल्या माणसाच्या तोंडात तुमी लोटा ओतता काय?"

कुणाच्या तरी हातातून पळी पडली. बाबुजींच्या हातात बादली तशीच राहिली आणि वरण त्यांच्या पायावर सांडू लागलं, त्याचंही भान त्यांना नव्हतं. गिरणीवाले शेठ पंगतीत होते. त्यांनी मान वर करून नीट बघून घेतलं.

"पाय धर," बाबुजी कसेबसे म्हणाले. "अवं, महाराजांचे पाय धर."

"धरीन," माय म्हणाली. "आधी काय वाचलं ते पाहू द्या." आणि ती तिथेच, सगळ्या गावासमोर, मांडी घालून बसली. तिनं एक कोरी पत्रावळ ओढली, कुंडी तिच्यावर उपडी केली, केसांतला आकडा काढला आणि कुजलेलं एकेक पान बाजूला करू लागली. डोळ्यांतून वाहणारं पाणी ती मध्येच खांद्याला पुसत होती.

महाराज लोटा धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. रागाचा त्यात लवलेश नव्हता. मास्तरांनी वहीवर लाल रेघ मारलेल्या पोरासारखे ते घाबरले होते. त्यांनी लोटा हळूच लांब ठेवला आणि मायच्या समोर जमिनीवर बसले.

"बाई, माह्या हातून पाप झालं."

"पापाचं मंग पाहू. तुमचे हात मोकळे हायेत ना? हे असे घट्ट, हिरवे पानं दिसले का बुडातून हलके खुडा. तुटू देऊ नोका."

"हे चालन काय?"

"ते मऊ पडलं. टाकून द्या. हे घ्या."

आता अडचण अशी झाली की महाराजांनी श्लोक म्हटल्याशिवाय पंगत हात लावणार कशी? महाराज तर मान खाली घालून पानं खुडत होते. भात गार होऊ लागला. पोरं कुरकुरू लागली. माणसं आधी बसल्या जागेवरून वाकून बघत होती, मग उठून भोवती जमली, मग सल्ले देऊ लागली. सखूबाई नातवाला घेऊन पहिल्यांदाच अगदी जवळ आली. "चावत नाही आता?" तिनं विचारलं. "मरून राहिली, चावन कायले?" माय खेकसली. शेवटी मूठभर चांगली पानं निघाली. ती मायनं पदरात घेतली, महाराजांच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि चुलीकडे निघून गेली. महाराजांनी श्लोक म्हटला. त्या वर्षीचा काला गावानं गार खाल्ला.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला बोलावं लागतं. बाबुजींनी मायशी बोलणं सोडलं. "सुमे, तुह्या मायले सांग, आज मले यायले उशीर होईन," ते मला सांगत. माय हातभर अंतरावर पोळी लाटत असे. "सुमे, तुह्या बापाले सांग, भात झाकून ठेवीन," ती म्हणे. दोघांचाही निरोप मी त्यांनी ऐकलेला असूनही पुन्हा सांगायचा, अशी रीत पडली. गावात दोन पक्ष झाले होते. एक म्हणे, बाईनं साधूचा अपमान केला, घराचं वाटोळं होणार. दुसरा म्हणे, साधूनं परदेशी झाड बुडवलं, बाई बोलणार नाही तर काय करेल? बाबुजींना दोन्ही पक्षांची गिऱ्हाइकं सांभाळावी लागत, आणि दोन्ही पक्ष साखर घेताना तोच विषय काढत. महाराज जाताना पुढच्या वर्षाबद्दल काहीच बोलले नव्हते. गिरणीवाल्या शेठनी न्हाणीला आता चुना मारून घेतल्याचं कानावर आलं. बाबुजी वाळत चालले होते. मला त्यांची दया यायची. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, फक्त त्यांचा सगळा मान एका लोट्यात होता आणि तो मायनं सगळ्यांसमोर अडवला होता.

माय मात्र शांत होती. तिनं वाचलेली पानं एका पसरट ताटलीत ओलसर वाळूवर मांडली होती, वर फुटक्या फोटोची काच ठेवली होती, आणि ती ताटली घडवंचीखाली सरकवली होती. रांजणातल्या पाण्याचे चार थेंब, तेही कडेनं. रात्री थंडी फार वाटली तर वर पोतं. मला एकदा म्हणाली, "नाही आली तरी चालन, सुमे. पण मी बोलली ते बरोबर बोलली." आणि लगेच पुढे म्हणाली, "तुह्या बापाले सांगू नोको." हा निरोप तेवढा मी पोचवला नाही.

पळस फुलायला लागला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी एस्टी येऊन गेली आणि थोड्या वेळानं महाराज एकटेच, कापडी पिशवी खांद्याला लावून, आमच्या दारात उभे. सांगावा नाही, टाळकरी नाहीत. बाबुजी जेवायला घरी आले होते. ते ताटावरून तसेच उठले. महाराज मान काढून घेतल्याचं सांगायला स्वतः आले आहेत, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. ते उष्टा हात लांब धरून दारात उभे राहिले, नमस्कार करू की आधी हात धुऊ हे त्यांना कळेना.

महाराज त्यांच्या बाजूनं आत आले आणि सरळ पडवीत गेले. "बाई," ते म्हणाले, "मले झोप नाही. कीर्तनात उभा राहतो अन् ते झाड डोळ्यापुढं येते. वाचलं काय?"

मायनं ताटली पुढे ओढली आणि काच उचलली.

महाराज गुडघ्यांवर बसले. मग कोपरांवर टेकले. शेवटी पोटावर पालथे पडून, नाक वाळूला लागेल इतक्या जवळून बघू लागले. "हे काय? हे हिरवं?"

"ते कोंब. हे बी. इकडं पाहा, या एका पानाले दोन."

"दोन!" महाराज लहान मुलासारखे ओरडले. "यजमान, इकडं या! दोन आले, दोन!"

बाबुजी हात धुऊन आले. आता त्यांना वाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिघांची डोकी त्या ताटलीवर एकमेकांना लागली. बाबुजींनी डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली, कमरेला चाचपलं, खिशात चाचपलं.

"अवं," ते म्हणाले, "माहा चष्मा कोठं हाय?"

"कपाळावर," माय म्हणाली, मान वर न करता.

मी दारात उभी होते. नेहमीच्या सवयीनं निरोप पोचवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाबुजींनी चष्मा खाली ओढला, बराच वेळ बघितलं, आणि मग घसा साफ करून, जणू ते विचारताहेत ते धानाबद्दलच आहे अशा आवाजात म्हणाले, "पाणी किती देऊन राहिली?"

"थोडंसं. कडेनं."

"हं. जास्त नोको देऊ."

मायनं त्यांच्याकडे बघितलं. मग ती काच जागेवर ठेवून उठली आणि आणखी एका माणसाचा भात वाढायला गेली.

महाराज पोटभर जेवले. पुढच्या साली मुक्काम इथेच, असं त्यांनी तिसऱ्या भाताच्या वेळी सहज बोलता बोलता सांगून टाकलं आणि बाबुजींना ठसका लागला. जेवण झाल्यावर महाराज हात धुवायला उठले. गडवा हातात घेतला, दोन पावलं गेले, आणि थांबले. अंगणात सगळीकडे नजर टाकून झाल्यावर ते परत फिरले आणि चुलीपाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाई, हे पाणी कोठं टाकू?"